डेलचे कमी पडलेले तीन दिवस

मंगळवार, २७ नोव्हेंबर १९८४, सकाळी दहा. रक्कम सव्वासात लाख डॉलर. हजर माणसं पाच: बेसबॉल क्लबचे मालक मिस्टर व्हिटलॉक, जनरल मॅनेजर नेस्बिट, मैदानावर संघ सांभाळणारा मॅनेजर एडी, खेळाडू पारखणारा म्हातारा स्काउट ऑर्व्हिल आणि फायली घेऊन टेबलाच्या टोकाला बसलेला मी. ज्याच्याबद्दल बोलणं चाललं होतं तो डेल ओव्हरबी हजर नव्हता. ज्याचा विषय असतो त्याला अशा बैठकीला बोलवायची पद्धत नाही.

नावं सगळी बदलली आहेत. शहराचं नाव देत नाही. देशाच्या मधल्या भागातलं, मिडवेस्टमधलं होतं एवढं पुरे. आकडे मात्र बदललेले नाहीत. ते बदलले तर सांगण्यासारखं काही उरत नाही.

गेली चार वर्षं आम्ही पूर्व किनाऱ्यावर पिस्कॅटवेला राहतो आणि मी एका विमा कंपनीत आहे. इथल्या मराठी घरांत कुणीतरी हमखास विचारतं, "तुम्ही बेसबॉल क्लबात होतात म्हणे? मग मजा असेल." मजा होती, पण मी चेंडू कधी हातात धरला नाही. मी क्लबचा हिशेबनीस होतो. पगार काढायचे, तिकिटांची अर्धुकं मोजून ती दारावरच्या फिरत्या फाटकांच्या आकड्याशी ताडून बघायची, आणि संघ दौऱ्यावर निघाला की प्रत्येक खेळाडूच्या नावाचं पाकीट करून त्यात जेवणाचा रोख भत्ता भरायचा. लाखो डॉलर मिळवणारी माणसं त्या पाकिटासाठी शाळेतल्या मुलांसारखी माझ्या दाराशी रांग लावायची. पाकीट न मोजता खिशात घालायची रीत होती. मोजणारा एकटा डेल. माझ्या पहिल्याच वर्षी तो रांगेतून परत आला आणि वीस डॉलरची एक नोट त्याने माझ्या टेबलावर ठेवली.

"हे जास्त आलेत," तो म्हणाला. "संध्याकाळी हिशेब जुळणार नाही तुझा आणि मग तू आपल्या खिशातून भरशील. तुझ्यासारख्यांना मी ओळखतो."

खरंच भरले असते. तेव्हापासून आमचं जमलं. माझं आडनाव त्याला उच्चारता येईना, म्हणून पहिल्या अक्षरावरून तो मला मिस्टर जी म्हणायचा. मैदानाच्या डाव्या बाजूला उभा राहणारा, लांब हातांचा, कमी बोलणारा माणूस. आमच्या शहरात त्याच्या नावाचे शर्ट घालून लोक चर्चला जात. सामना नसलेल्या सोमवारी तो चाळीस मैलांवर आईकडे जायचा. वडील पूर्वीच गेलेले, आई शेतावर एकटी राहायची आणि तिला अगदी अंधुक दिसायचं. डॉक्टर, किराणा, पत्रं वाचून दाखवणं, सगळं सोमवारी.

आता एक नियम सांगावा लागेल. क्लब आपला खेळाडू दुसऱ्या क्लबला देऊन टाकू शकतो. त्याला ट्रेड म्हणतात. खेळाडूला विचारावं लागत नाही. त्याला फोन येतो, आणि परवापासून तो दुसऱ्या गावाचा. अपवाद एकच. मोठ्या लीगमध्ये ज्याची दहा वर्षं भरली आहेत आणि त्यातली शेवटची पाच त्याच क्लबात, त्याला त्याच्या संमतीशिवाय हलवता येत नाही. खेळाडू त्याला 'टेन अँड फाइव्ह' म्हणतात आणि कुणी घराचं कर्ज फिटल्याचं सांगावं तसं सांगतात.

पण यातलं वर्ष कॅलेंडरचं नव्हे. मोसम साधारण एकशे ब्याऐंशी दिवसांचा. त्यातले एकशे बहात्तर दिवस मोठ्या संघाच्या यादीवर नाव असलं की एक वर्ष धरलं जातं. हे दिवस मोजायचं काम माझ्याकडे होतं. प्रत्येक खेळाडूचं एक पिवळं कार्ड असायचं; त्यावर तो कधी आला, कधी खालच्या संघात पाठवला, कधी परतला, याच्या तारखा.

ऑक्टोबरात मोसम संपल्यावर डेल शेवटचा चेक न्यायला आला. पुढच्या दोन वर्षांचा करार त्याला सही करायचा होता. त्याला एजंट नव्हता. गावचा एक वकील होता, जो एरवी शेतजमिनींचे व्यवहार बघायचा.

"वकील विचारतोय, माझ्या संमतीशिवाय ट्रेड नाही असं कलम घालून घ्यायचं का," डेल म्हणाला. "मी म्हटलं, गरज काय? माझी दहा झाली ना, मिस्टर जी?"

मी रद्द झालेल्या एका सामन्याची तिकिटं परत करण्याच्या हिशेबात होतो. मान वर न करता म्हणालो, "पंच्याहत्तर ते चौऱ्याऐंशी. दहा मोसम. अभिनंदन."

तो खूश होऊन गेला. करारावर सह्या झाल्या, कलम घातलं गेलं नाही.

आठ दिवसांनी वर्षअखेरीची नोंद करायला मी त्याचं कार्ड काढलं. पहिल्या वर्षी मोसमाच्या अकराव्या दिवशी त्याला खालच्या संघातून वर बोलावलं होतं. त्या दिवशी हजर झाला असता तर बरोबर एकशे बहात्तर दिवस झाले असते. तो चौदाव्या दिवशी हजर झाला. एकशे एकोणसत्तर. म्हणजे दहा नव्हे. नऊ वर्षं आणि एकशे एकोणसत्तर दिवस. समासात पेन्सिलीने, जुन्या मॅनेजरच्या तिरक्या अक्षरात, दोन शब्द होते: 'वडिलांचं दफन'.

त्या काळी या दिवसांना आजची किंमत आलेली नव्हती. कुणी ते मोजून धरत नव्हतं. आईजवळ थांबायला त्याला सुट्टी दिली, आणि नोंद तो आला त्या तारखेपासून सुरू केली, इतकंच.

मी त्याला फोन करायला हवा होता. केला नाही. माझी मीच समजूत घातली की एप्रिलमध्ये मोसम सुरू झाला की तीन दिवसांत भरून निघेल, उगाच त्याचा हिवाळा कशाला बिघडवा. हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं, की ज्या माणसाने माझ्यासमोर वीस डॉलर मोजून परत केले त्याला मी कार्ड न बघता उत्तर दिलं, हे सांगायची मला लाज वाटली.

नोव्हेंबरात वर्तमानपत्रांत कुणकुण सुरू झाली की पश्चिम किनाऱ्यावरचा एक क्लब डेलला मागतो आहे. बैठकीच्या आधीच्या शनिवारी आमच्या मराठी मंडळींचं जेवण डॉक्टर देशकरांकडे होतं. पाच-सहा घरं, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा. बायका-पुरुष, सगळे डेलवरच बोलत होते.

देशकर नागपूरचे, हृदयाचे डॉक्टर. म्हणाले, "पस्तीस वर्षांचे गुडघे आहेत हो ते. भाव आहे तोवर देऊन टाका."

"भाव काय भाव?" देशकर काकू भाताचं भांडं ठेवता ठेवता म्हणाल्या. "वांगी आहेत का ती?"

"अगं, बिझनेस आहे."

"मग तुम्हीही पंचावन्नचे झालात. तुम्हाला कुणी मागितलं तर मीही विचार करीन."

सगळे हसले. सबनीस हसले नाहीत. ते इंजिनिअर. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या कंपनीने माणसं कमी केली तेव्हा त्यांची नोकरी नऊ वर्षं आठ महिन्यांची होती. पेन्शनला दहा लागत.

"द्यायलाच पाहिजे यार," ते म्हणाले. "मला ठेवलं का कुणी?"

"तुमची गोष्ट वेगळी हो, सबनीस," डॉक्टर म्हणाले.

"वेगळी कशी? मीही बॅटिंग करतच होतो."

तेवढ्यात डॉक्टरांची कॉलेजात जाणारी मुलगी, इथेच जन्मलेली, सोफ्यावरून म्हणाली, "ही कान्ट बी ट्रेडेड, अंकल. ही हॅज टेन अँड फाइव्ह. ही विल जस्ट से नो."

सगळे माझ्याकडे वळले. "खरं का हो? तुम्हाला माहीत असेल."

"नियम तसा आहे," मी म्हणालो.

उत्तर खोटं नव्हतं. परतताना गाडीत सुनंदा, माझी पत्नी, म्हणाली, "नियम तसा आहे म्हणजे काय? सरळ हो म्हणायला काय झालं होतं?" मी म्हणालो, ऑफिसच्या गोष्टी बाहेर बोलायच्या नसतात.

तर मंगळवारची बैठक. पश्चिमेचा क्लब डेलचा पुढचा सगळा पगार, पहिल्याच वर्षाचा सव्वासात लाख, उचलायला तयार होता. वर दोन तरुण पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, आणि रोख एक लाख डॉलर. नेस्बिटने प्रस्ताव वाचून दाखवला.

ऑर्व्हिल म्हणाला, "अंगावर येणारा वेगवान चेंडू त्याला उशिरा दिसतो. जूनपासून बघतोय. अजून लोकांच्या लक्षात आलेलं नाही. पुढच्या वर्षी येईल, मग कुणी लाखही देणार नाही आणि पिचरही."

"आणि ती माझी पोरं?" एडी म्हणाला. "सामना हरल्यावर एकमेकांच्या अंगावर जातात. डेल नुसता खुर्ची सरकवतो आणि गप्प होतात. ते काम कोण करणार, ऑर्व्हिल? तू येणार खुर्ची सरकवायला?"

"मी खुर्चीवरून उठलो की तेवढाच आवाज होतो," ऑर्व्हिल म्हणाला.

मालकांनी मला विचारलं, डेलमुळे किती तिकिटं खपतात? मी सांगितलं की दोन आठवडे प्रयत्न केला, पण ते वेगळं काढता येत नाही. जो आकडा सांगीन तो माझा अंदाज असेल. त्यांनी मान डोलावली. मिस्टर व्हिटलॉक सत्तरीचे, मनाने हळवे. मैदानावर गवत कापणाऱ्या माणसाच्या बायकोच्या आजारपणाची चौकशी करणारे.

तासभर असं चालल्यावर नेस्बिटने कागद गोळा केले. "हे सगळं ठीक आहे, पण त्याची दहा झालीत. संमती लागेल. आणि आईला सोडून तो जाणार नाही. तेव्हा विषय संपला."

मालक खुर्चीत मागे रेलले. "बरं झालं," ते म्हणाले. "मला तो द्यायचा नव्हताच." एडी कॉफी आणायला उठला. फायली मिटल्या जात होत्या.

"त्याची दहा झालेली नाहीत," मी म्हणालो. "नऊ वर्षं एकशे एकोणसत्तर दिवस. तीन दिवस कमी आहेत."

मी का बोललो याचा पाच वर्षं विचार केला आहे. एक कारण साधं: मी क्लबचा पगार घेत होतो, बैठकीची टिपणी मीच लिहिणार होतो, आणि चुकीचा आकडा त्यात माझ्या हाताने जाणार होता. ते मला जमलं नसतं. दुसरं कारण सांगायला बरं वाटत नाही. त्या टेबलाशी चार वर्षं बसत होतो. प्रश्न विचारल्याशिवाय बोललो असा तो पहिला दिवस, आणि चौघेही माझ्याकडे बघत होते.

एडी दारातच थांबला. "हे तू शोधून काढलंस?"

"शोधलं नाही. कार्डावर आहे."

मालकांनी विचारलं, "कशामुळे कमी?"

"पहिल्या वर्षी हजर व्हायला तीन दिवस उशीर झाला."

हे माझे शब्द. कार्ड माझ्या फायलीत होतं, पेन्सिलीचे दोन शब्द मला पाठ होते. पण कारण मोजणीत येत नाही अशी माझी तेव्हाची समजूत होती. आकडा सांगितला, शेरा सांगितला नाही. त्या हळव्या म्हाताऱ्याला तो शेरा ऐकवला असता तर काय झालं असतं, हेही मला वेगळं काढता येत नाही. 'उशीर' हा शब्द ऐकून मागे रेललेले ते पुन्हा पुढे झाले. मग नेस्बिटला म्हणाले, "एप्रिलच्या आत करायचं असेल तर आत्ताच करा."

घरी आलो. सुनंदा आमटीला फोडणी देत होती. मी सगळं सांगितलं, समासातल्या शब्दांसकट.

"तुम्हाला विचारलं होतं का कुणी?"

"नाही. पण खरं होतं ते."

"पेन्सिलीनं लिहिलेलंही खरंच होतं ना?"

तिने गॅस बारीक केला. "मामंजी गेले तेव्हा तुमच्या आधीच्या कंपनीनं किती दिवस दिले होते?"

"अकरा."

माझ्या वडिलांच्या वेळी तार उशिरा मिळाली आणि मी दहाव्या दिवशी कसाबसा घरी पोचलो होतो. त्या कंपनीने पगार कापला नव्हता, आणि कुठल्याही कागदावर उशीर असं लिहिलं नव्हतं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ट्रेड जाहीर झाला. दोन दिवसांनी डेल माझ्या खोलीत आला. घर हलवण्याच्या भत्त्याचा फॉर्म भरायचा होता. बसला नाही.

"तू दहा म्हणाला होतास."

"न बघता म्हणालो. चूक माझी."

"कधी कळलं?"

"आठ दिवसांनी."

त्याने बोटांवर मोजल्यासारखं केलं. ट्रेडच्या आधी चांगला दीड महिना, एवढं त्याच्या लक्षात आलं असणार. "कागद बघू," तो म्हणाला.

मी कार्ड दिलं. त्याने ते वरून खाली वाचलं, जेवणाचं पाकीट मोजावं तसं, सावकाश. समासापाशी त्याचा अंगठा थांबला.

"म्हाताऱ्याचं अक्षर," तो म्हणाला. जुन्या मॅनेजरबद्दल. "मी एक दिवस मागितला होता. तो म्हणाला, तुझी आई एकटी आहे, तीन घे. खेळ कुठे पळून जात नाही." मग कार्डावरून नजर न काढता म्हणाला, "हे त्यांना दाखवलंस?"

"आकडा सांगितला."

"आणि हे?"

"नाही."

तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने कार्ड जिथून मी काढलं होतं त्याच खाचेत, त्याच क्रमाने परत ठेवलं.

"तुझं गणित बरोबर आहे, मिस्टर जी," तो म्हणाला. फॉर्म ओढून घेतला आणि भरता भरता विचारलं, "आईला बरोबर न्यायचा खर्च यात बसतो का?"

मी कपाटातून नियमांचं पुस्तक काढलं, पान शोधलं, दोनदा वाचलं. "नाही. फक्त बायको आणि मुलं."

या वेळी बघून सांगितलं.

त्याची आई शेत सोडून गेली नाही. तो पश्चिमेला दोन मोसम खेळला. पहिला बरा गेला, दुसऱ्यात ऑर्व्हिल म्हणाला होता तो चेंडू सगळ्यांच्या लक्षात आला. आम्हाला मिळालेल्या पिचरांपैकी एकाचा खांदा गेला, दुसरा अजून खेळतो आणि चांगला खेळतो. म्हणजे ट्रेड व्यवहार म्हणून वाईट नव्हता. हेही सांगायला हवं, नाहीतर पुन्हा अर्धाच हिशेब होईल.

दुसऱ्या वर्षी जुलैत त्याची आई गेली. तोवर मी क्लब सोडून इकडे आलो होतो. एडीने फोनवर कळवलं. डेल तेव्हा किनाऱ्यावर सामन्यात होता, विमान बदलत बदलत पोचला. त्याला किती दिवस मिळाले मला माहीत नाही. तिथलं कार्ड माझ्याकडे नव्हतं.

विम्याच्या कामात माझ्याकडे दाव्यांचे कागद येतात. आकड्याच्या बाजूला कुणी काही खरडलेलं असेल तर बैठकीत मी ते मोठ्याने वाचतो. लोक घड्याळाकडे बघतात. मी वाचून पुरं करतो.

शेवटी दिलेल्या रकमा अशा. पश्चिमेच्या क्लबने आमच्या क्लबला एक लाख डॉलर दिले, जानेवारीत, एका चेकने. आमच्या क्लबने डेल ओव्हरबीला घर हलवण्याचा भत्ता दिला, बाराशे डॉलर. चेकवर सही माझी. आणि फेब्रुवारीच्या पगारात, 'विशेष दक्षतेबद्दल' अशा नोंदीने, पाचशे डॉलर मला. नेस्बिटने खांद्यावर थाप मारून सांगितलं. परत कसे करावेत याला पगारपत्रकात रकाना नव्हता, आणि मी तो मागितलाही नाही. घराच्या छपराच्या पन्हळी गळत होत्या, त्या बदलून घेतल्या. तीन दिवसांचे पाचशे म्हणजे दिवसाला एकशे सहासष्ट डॉलर सहासष्ट सेंट. दोन सेंट उरतात.